दिव्याखालचे गाव

माझ्या आईला माहेर नाही. म्हणजे पूर्वी होते, आणि एका अर्थाने आजही आहे. परंतु ते कोयनेच्या धरणात आहे.

दिवाळी जवळ आली की ही गोष्ट मला दरवर्षी नव्याने आठवते. लहानपणी सहामाहीचा शेवटचा पेपर संपला की वर्गातल्या मैत्रिणी वेण्या उडवीत सांगायच्या, "आम्ही उद्या आजोळी जाणार!" कुणाचे आजोळ वाईला, कुणाचे राजापूरला, कुणाचे थेट नागपूरला. मला कुणी विचारले तर मी सांगत असे, "आमचं आजोळ पाण्यात आहे." मुली हसत. त्यांना वाटे, मी थट्टा करते आहे. मग मीही हसे, आणि सुट्टीभर ठाण्याच्या आमच्या दोन खोल्यांत किल्ला करीत बसे.

पुढे मी मराठीची प्राध्यापिका झाले. 'माहेर' हा शब्द 'मातृगृह' या शब्दापासून झिजत झिजत आला, हे मी गेली वीस वर्षे मुलामुलींना शिकवीत आहे. शब्द झिजतात हे खरे; पण ज्याला हा शब्द चिकटवायचा ते घरच नाहीसे झाले तर त्या शब्दाचे काय होते, हे कोणत्याही व्युत्पत्तिकोशात सापडत नाही. त्यासाठी मला माझ्या आईकडेच पाहावे लागते.

आई १९४९ सालची. कोयनेच्या खोऱ्यातल्या एका लहानशा गावात तिचा जन्म झाला. गावाचे नाव मी लिहीत नाही. आईला ते आवडत नाही. "नाव घेतलं की लोक विचारतात, कुठं आलं ते? आता काय सांगू?" असे ती म्हणते. गावात भाताची खाचरे, उतारावर नाचणी आणि वरी, देवीचे कौलारू देऊळ आणि त्यापुढे एक पार. घराघरातली बाप्ये मंडळी मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. माझे आजोबाही गिरणीत होते. गावात वीज नव्हती. रात्री रॉकेलच्या चिमण्या. आणि त्याही लवकर मालवायच्या, कारण रॉकेल विकत आणावे लागे.

१९५४ साली कोयनेवर धरणाचे काम सुरू झाले. १९६१ च्या पावसाळ्यात पाणी चढू लागले, त्या वेळी आई बारा वर्षांची होती. ती धरणाला कधी धरण म्हणत नाही. "पाणी आलं तेव्हा," असेच म्हणते. शंभराच्या आसपास गावे त्या पाण्याने उठवली. कुणी सोलापूरकडे गेले, कुणी सांगलीकडे, कुणी घाट उतरून कुलाब्याला आणि ठाण्याला. आणि कितीतरी कुटुंबे तिथेच, पाण्याच्या वर डोंगराच्या अंगाला चढून राहिली. माझ्या आजीने दोन पितळी हंडे, एक जाते आणि चार मुले घेऊन परळच्या चाळीत बिऱ्हाड मांडले. पहिल्याच संध्याकाळी आजोबांनी भिंतीवरचा खटका खाली केला आणि आईने आयुष्यात पहिल्यांदा घरात विजेचा दिवा लागलेला पाहिला.

"मग काय वाटलं गं तुला?" मी एकदा विचारले.

"काय वाटणार? छान वाटलं. आईचा चेहरा नीट दिसला," ती म्हणाली. "आणि ती रडत होती हेही दिसलं. चिमणीच्या उजेडात ते कळत नसे."

कोयनेची वीज १९६२ पासून मुंबई-पुण्याकडे येऊ लागली. आजोबांना गिरणीत कुणीतरी हे सांगितले असावे. कारण त्या सुमारास त्यांनी घरात एक नियम घातला आणि आईने तो आजतागायत पाळला आहे. रिकाम्या खोलीत दिवा किंवा पंखा चालू दिसला की ती जिथे असेल तिथून ओरडते, "कोण आहे गं तिकडे? माझं माहेर कशाला सांडताय?"

सांडताय! नळ उघडा राहावा तसे. लहानपणी आम्हा भावंडांना या वाक्याचा अर्थ कळत नसे. बटण बंद करायचे एवढेच कळे. मोठेपणी अर्थ कळला आणि मग मला बटणाला हात लावताना थोडेसे चोरट्यासारखे वाटू लागले.

गेल्या काही वर्षांपासून आई माझ्याकडेच असते. आमचे चिरंजीव अकरावीत, शास्त्र शाखेत आहेत. म्हणजे घरातल्या सर्वांच्या चुका काढणे हा त्यांचा हक्कच झाला आहे. एकदा आजीने नेहमीचे वाक्य उच्चारताच तो म्हणाला, "आजी, आपल्याकडे येते ती वीज काही सगळी कोयनेची नसते. कोयनेची थोडी. बरीचशी कोळशाची."

आई क्षणभर गप्प झाली. साठ वर्षे उराशी धरलेली गोष्ट कुणी अशी एका वाक्यात दुरुस्त केली तर माणूस दुखावेल, असे मला वाटले. पण ती दुखावली नव्हती. ती विचार करीत होती.

"कोळसा कुठला?" तिने विचारले.

"चंद्रपूरकडचा. शिवाय छत्तीसगड, ओडिशा."

"तिथं खाणी खणायच्या म्हणजे कुणाचं तरी गाव असणारच की रे."

चिरंजीवांकडे याचे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. माझा आणि विजेचा संबंध तोवर महिन्याचे बिल भरण्यापुरता होता. पण त्या रात्री मी मुलाच्या पुस्तकांत डोके घातले, आणि मराठीच्या बाईला जे कळले ते सांगते. शास्त्राच्या अभ्यासकांनी मोठ्या मनाने घ्यावे.

आपल्या देशात जी वीज तयार होते तिच्यातली साधारण तीन चतुर्थांश कोळशावर होते. आपल्याकडच्या कोळशाने एक युनिट वीज करायची तर सुमारे पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो आणि त्यातून जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक युनिट म्हणजे किती? दीड टनाचा एअरकंडिशनर एक तासभर, किंवा साधा पंखा बारा-चौदा तास. आपल्या दिवाणखान्यात हा कोळसा दिसत नाही, धूर दिसत नाही, राख दिसत नाही. स्वयंपाकघरातली चूल गेली तेव्हा आपल्या आज्या म्हणाल्या, सुटलो बाई धुरातून! पण चूल विझली नव्हती. ती फक्त दूर नेऊन ठेवली होती आणि फार मोठी केली होती.

आणि हा वायू करतो काय? आईला मी सांगितले तसेच सांगते. पृथ्वीने गोधडी पांघरली आहे असे समजा. दिवसा ऊन येते, जमीन तापते, रात्री ती ऊब बाहेर जाऊ लागते. हवेतले काही वायू त्यातली थोडी ऊब धरून ठेवतात. ही गोधडी नसती तर आपण गारठून मेलो असतो. टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रयोगशाळेत हे दाखवून दिले. स्वीडनच्या अर्हेनियसने १८९६ साली हिशेब मांडला की हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल. म्हणजे ही काही कालपरवाची आवई नव्हे. १९५८ साली कीलिंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाई बेटावरच्या एका उंच डोंगरावर हा वायू मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. माझ्या आईच्या डोळ्यांदेखत गोधडी इतकी जाड झाली. २०२४ हे वर्ष कारखानदारी सुरू होण्यापूर्वीच्या काळापेक्षा दीड अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण ठरले. मोजमापे सुरू झाल्यापासूनचे ते सर्वांत उष्ण वर्ष.

दीड अंश म्हणजे किती, असे वाटेल. मुलाला दीड अंश ताप चढला तर आपण काय करतो, ते आठवा. शिवाय हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. मग पडायचा तो पाऊस एकदम पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस आमच्या ठाण्यातही कुणी विसरलेले नाही. एखादा पाऊस एकट्या तापमानवाढीमुळेच पडला असे कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण असे पाऊस वाढतील, हे मात्र शास्त्रज्ञ सांगत आले आहेत.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत साडेपाचशेहून अधिक मिलिमीटर पाऊस कोसळला. पाटण तालुक्यात डोंगर खचले. आंबेघर आणि मिरगाव इथे घरे माणसांसकट गाडली गेली. दूरदर्शनवर ती नावे ऐकून आई उठून बसली. तिच्या मुलुखातली नावे ती. "खालचं पाण्यानं घेतलं," ती म्हणाली, "आणि वरचं आता डोंगर घेतोय." त्या दिवशी ती जेवली नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, सुमारे पावणेदोनशे माणसे गेली, तेव्हाही तिने असेच ताट बाजूला सारले होते, असे मामा सांगत.

माझ्या मनात एक प्रश्न तेव्हापासून घर करून बसला. धूर नको म्हणून पाण्याची वीज घ्यावी, तर गावे बुडतात. गावे नकोत बुडायला म्हणून कोळसा घ्यावा, तर डोंगर खचतात. मग करावे तरी काय?

हा पेच काही आजचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत आणि शहरावर धुराचे छत धरलेले असे. त्यावर उपाय म्हणून टाटांनी सह्याद्रीच्या पाण्यावर वीज करायचे ठरवले. १९१५ साली खोपोलीची वीज सुरू झाली. धुरावाचूनची वीज! केवढी प्रगती ती! पण पुढचे धरण मुळशीला बांधायचे ठरले आणि त्या खोऱ्यातल्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्यांच्या बाजूने उभे राहिले, तुरुंगात गेले. सत्याग्रह हरला, धरण झाले, १९२७ साली भिऱ्याचे केंद्र चालू झाले. धूर गेला तो खरा. पण त्याची किंमत मुंबईने दिली नाही, मुळशीने दिली. चाळीस वर्षांनी कोयनेने दिली. कोयना झाली तेव्हा पुनर्वसनाचा कायदासुद्धा नव्हता. तो राज्यात १९७६ साली झाला. आणि धरण पुरे होऊन पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही २०१८ मध्ये कोयनेच्या धरणग्रस्तांना आपल्या जमिनींसाठी आंदोलनाला बसावे लागले होते.

म्हणून मी असे म्हणू लागले आहे की विजेबद्दल पहिला प्रश्न 'स्वस्त की महाग' हा नसून 'उंबरा कुणाचा?' हा आहे. दिवा लागतो एकाच्या घरात. उंबरा जातो दुसऱ्याचा.

हे सगळे मनात घोळत असतानाच आमच्या सोसायटीची सभा आली.

आमची इमारत चार मजल्यांची, बिऱ्हाडे चोवीस. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरांच्या छपरांवर सौर वीज बसवण्याची योजना जाहीर केली होती. आमच्या उत्साही सेक्रेटरींनी त्या वर्षीच्या वार्षिक सभेपुढे प्रस्ताव ठेवला: पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवावीत. एका किलोवॉटला शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. बारा किलोवॉटचा बेत होता.

वाचकहो, सोसायटीची सभा ही काय चीज असते ते मी सांगायला नको. महाभारतातल्या सभेत निदान सगळे एका विषयावर बोलत होते. आमच्याकडे पहिली पंधरा मिनिटे दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्यावर गेली. मग विषय निघाला.

चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "गच्चीला भोकं पाडणार आणि गळणार माझ्या बेडरूममध्ये." हा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मग आम्ही पापड, कुरडया घालायच्या कुठं?" तरुण मंडळींनी कोजागिरीचे काय, असा गंभीर प्रश्न उपस्थित केला. एकाने सांगितले की गच्चीच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यावर रस्त्याकडच्या पर्जन्यवृक्षाची सावली पडते. तेव्हा पॅनेलसाठी त्याच्या मोठ्या फांद्या आधी तोडून घ्याव्यात. म्हणजे पर्यावरण वाचवण्यासाठी झाड तोडायचे! कुणीतरी मागे खुदकन हसले आणि तो मुद्दा आपोआप पडला.

खरा मुद्दा तळमजल्यावरच्या अण्णांनी मांडला. ते बँकेतून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात. ते उभे राहून शांतपणे म्हणाले, "ही पॅनेलं पंचवीस वर्षं चालतात म्हणता. मी काही पंचवीस वर्षं चालणार नाही. मग मी पैसे कशासाठी भरू? आणि वीज येतेच आहे की घरात. कुठं अडलंय?"

सभा गप्प झाली. अण्णांच्या बोलण्यात चूक काय होती? हिशेब त्यांचा बरोबर होता. मला उत्तर द्यावेसे वाटत होते. गोधडी, १८९६ साल, सात टक्के बाष्प, सगळे ओठांवर आले होते. पण वर्गात मुले जांभया देऊ लागली की मला कळते, तसे मला कळले की हे आत्ता उपयोगाचे नाही.

तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली आई बोलली. ती सभेची सभासद नव्हे. घर माझ्या आणि आमच्या ह्यांच्या नावावर आहे. ती केवळ घरी करमत नाही म्हणून आली होती.

"अण्णा, मी रागानं नाही हं बोलत," ती बसूनच म्हणाली. "वीज येतेच आहे म्हणता. येते खरी. मी बारा वर्षांची होते तेव्हा आमचं गाव उठवलं. खाचरं गेली, घर गेलं, देवी गेली. का, तर मुंबईला उजेड पायजे. आमचा बाप म्हणायचा, जाऊ दे, कुणाच्या तरी घरात दिवा लागतोय. त्यानं विचारलं नाही की मी किती वर्षं जगणार. आता इथं तुमचं घर जात नाही, शेत जात नाही. पापडाची जागा जातीय." ती जराशी थांबली. "पापड मी घालून देईन काकू तुम्हांला, आमच्या गॅलरीत."

कुणी काही बोलले नाही. अण्णा आपला चष्मा पुसू लागले. मला आईचा अभिमान वाटत होता आणि थोडी लाजही वाटत होती. इतकी वर्षे तिने हे कधी चार लोकांत बोलून दाखवले नव्हते, आणि मीही तिला बोलायला लावले नव्हते.

मते घेतली. पंधरा बाजूने, सहा विरुद्ध, तिघे गैरहजर. अण्णांनी हात वर केला. कोणत्या बाजूने ते मी सांगत नाही, कारण ते दिवाळी अंक वाचतात. झाडाच्या सावलीचा कोपरा सोडून बाराऐवजी दहा किलोवॉट करायचे ठरले. चौथ्या मजल्याच्या समाधानासाठी आधी गच्चीची गळती बंद करून घेतली. सांगाडा आठ फूट उंच केला, म्हणजे खाली माणसे बसू शकतील. आणि कोजागिरीला चंद्राला दूध दाखवण्यापुरती मोकळी जागा राखली. खर्च सुमारे सहा लाख. सोसायट्यांना किलोवॉटमागे अठरा हजार सरकारी साहाय्य, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. उरलेले चार लाख वीस हजार चोवीस बिऱ्हाडांनी वाटून घेतले, प्रत्येकी साडेसतरा हजार. विजेच्या बिलातून ते तीन-चार वर्षांत सुटतील असा अंदाज आहे. परवानग्या आणि मीटर यांत काही महिने गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये यंत्र सुरू झाले. दिवसा जास्तीची वीज झाली की ती तारेतून बाहेर जाते, रात्री लागेल तशी परत येते. मीटर दोन्ही मोजतो आणि फरकाचे बिल लावतो.

इथे लेख संपवला असता तर तो फार गोड झाला असता. पण मी शिक्षिका आहे. उत्तरपत्रिका नीट तपासल्यावाचून गुण देता येत नाहीत.

आमच्या गच्चीवर वर्षाला अंदाजे चौदा हजार युनिट वीज होते. म्हणजे सुमारे दहा टन कोळसा वाचला. एक ट्रक भरेल इतका. छान वाटते ना? मग चिरंजीवांनी कागदावर आणखी एक हिशेब केला. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे. ते पुऱ्या ताकदीने चालले तर तासाला दोन हजार टन कोळसा खाईल. आमचा वर्षभराचा दहा टन कोळसा त्याला किती वेळ पुरेल? सतरा-अठरा सेकंद! चोवीस बिऱ्हाडांचे भांडण, सहा लाख रुपये, एक पूर्ण वर्ष; आणि हाती काय, तर अठरा सेकंद.

तो कागद मी कित्येक दिवस पुस्तकात ठेवून हिंडत होते. आणि खरे सांगते, मला त्याचे पूर्ण उत्तर सापडलेले नाही. अर्धे सापडले आहे. २०१४ साली साऱ्या देशात सौर वीज तीन हजार मेगावॉटही नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये तिने एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. तेही कुणीतरी पहिले अठरा सेकंद मिळवल्यामुळेच. पण त्यातलाही मोठा भाग उघड्या रानांवर आहे. राजस्थानात भडला इथे सुमारे चौदा हजार एकरांवर पॅनेलेच पॅनेले पसरली आहेत. मोकळे रान म्हणून जे आपण दाखवतो ते कुणाचे तरी चराऊ रान असते. सूर्याची वीज झाली म्हणून 'उंबरा कुणाचा' हा प्रश्न सुटत नाही. कारखाने, रेल्वे, शेतीचे पंप हे काही माझ्या गच्चीवर चालणार नाहीत. त्यांच्यासाठी मोठी केंद्रे लागतीलच, आणि ती कुठे, कुणाच्या जमिनीवर, काय मोबदला देऊन हे विचारीत राहावे लागेल. मात्र शहरातल्या गच्च्यांवर पडणारे ऊन कुणाच्याही पानातून काढून घेतलेले नाही. जितके तिथे पिकेल तितके दुसऱ्याकडे मागायला नको. एवढे पहिले करावे, असे मला वाटते. ते पुरेसे नाही, हे ठाऊक असूनही करावे.

२००९ साली मी आईला बामणोलीला नेले होते. तिथून लाँचने शिवसागरात जाता येते. मधोमध आल्यावर आईने लाँचवाल्याला इंजिन बंद करायला सांगितले. समोरच्या डोंगरांच्या माथ्यांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. डावीकडचे टोक, उजवीकडची खिंड, असे काहीतरी बोटांनी जुळवले. मग म्हणाली, "इथं. खाली इथं." पिशवीतून तिने खण, नारळ, तांदूळ काढले आणि देवीची ओटी पाण्यात सोडली. माहेरवाशीण देवळात जाऊन भरते तशीच. नारळ थोडा वेळ तरंगत लांब गेला. लाँचवाल्याने टोपी काढून हातात धरली होती.

यंदा गच्चीवरचे यंत्र सुरू झाल्यावर तिने नातवाला विचारले, "आता माझ्या माहेरचं पाणी लागत नाही ना रे आपल्याला?"

"लागतं आजी," तो म्हणाला. आता तो पूर्वीपेक्षा जपून बोलतो. "दिवसा आपलं ऊन. पण सूर्य मावळला की गावभर एकदम दिवे लागतात ना, तेव्हा एवढी वीज पटकन कुठून आणायची? कोळशाचं केंद्र थंड पडलं असेल तर ते तापायला कितीतरी तास लागतात. कोयनेचं पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज. म्हणून कोयना संध्याकाळसाठी राखून ठेवतात."

आईला हे फार आवडले. माहेरची किंमत कळणारी माणसे अजून आहेत म्हणायची! "म्हणजे दिवेलागणीला तीच लागते," ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, "तर मग संध्याकाळीच जास्त जपायला पायजे." तेव्हापासून संध्याकाळी सात ते दहा आमच्या घरात कपडे धुण्याचे यंत्र लावायला बंदी आहे. ते दुपारी, उन्हात लावायचे.

रोज दिवेलागणीच्या आधी चिरंजीव मोबाइलवर त्या दिवसाचा आकडा पाहतात. आई देवापुढे निरांजन लावता लावता विचारते, "आज गच्चीवर किती पिकलं रे?" पिकलं, हाच तिचा शब्द. उन्हाळ्यात पंचेचाळीसपर्यंत आकडे जात होते, आणि ती शेजारच्या काकूंना ते असे सांगे की जणू घरी भाताची पोती आली आहेत.

परवा दिवसभर आभाळ होते. दुपारी दोन सरी येऊन गेल्या. संध्याकाळी नातू थोडा खट्टू होऊन म्हणाला, "आजी, आज सोळाच."

"असू दे," ती म्हणाली. "पाऊस झाला ना? तिकडं पाणी भरलं असेल."

आणि स्वयंपाकघरातला दिवा उगीच जळत होता तो मालवायला ती उठली.